‘विदिन ७२ अवर्स’ : तीन दिवस वेगळे, बहात्तर घंटे वेगळे

पाच एकर सोयाबीन. मंगळवार-बुधवारी सोंगणी झाली आणि पेंढ्या वावरातच पसरून वाळत ठेवल्या. शुक्रवारी जेवणं उरकून गाव झोपलं, रात्री दीडच्या सुमाराला वाऱ्यासह पाऊस आला. सकाळी वावरात घोट्याएवढं पाणी. विम्याची सूचना मंगळवारी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी नोंदली गेली आणि ‘लेट इंटिमेशन’, म्हणजे उशिरा कळवलं, या कारणाखाली दावा नामंजूर झाला. शेतकऱ्याचं म्हणणं एकच : “तीन दिवसाच्या आतच तं केलं ना म्या!”

त्याचा हिशेब चुकला नव्हता. नियम तीन दिवसांचा असता तर तो वेळेत होता. नियम बहात्तर तासांचा होता.

प्रकरण वाशीम जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावात घडवलेलं, नमुन्याचं आहे. वार आणि वेळा हिशेब नीट दिसावा म्हणून धरल्या आहेत. नियम मात्र खरे आहेत : प्रधानमंत्री पीक विमा योजनेचे, राज्यात खरीप २०२४ पर्यंत लागू असलेले. काढणीनंतर वावरात पसरलेल्या पिकाचं गारपीट, चक्रीवादळ किंवा बिगरमोसमी पावसानं नुकसान झालं, तर घटना घडल्यापासून ७२ तासांच्या आत कळवायचं, ही अट तेव्हा ठळक होती. नंतर काय बदललं ते शेवटी येईल.

एका वाक्याची तीन भाषांतरं

शनिवारी सकाळी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इंग्रजी निरोप फिरला : ‘इंटिमेट क्रॉप लॉस विदिन ७२ अवर्स’. बारावीतल्या मुलानं तो वाचून दाखवला.

“बाबा, बहात्तर घंट्यात कळवा म्हन्ते.”

“बहात्तर घंटे म्हंजे?”

“तीन दिवस.”

“मंग मंगळवारपावतर टाइम हाये. पह्यले पेंढ्या तं पल्टू.”

चार वाक्यांत मुदत तीनदा उलथली. ‘विदिन ७२ अवर्स’चं ‘बहात्तर घंट्यात’ झालं, इथवर सगळं बरोबर. (सरकारी मराठीत ‘तास’ असतो, वऱ्हाडात वेळेला घंटा म्हणतात, तास म्हणजे वावरातली पिकाची ओळ. त्यामुळे सूचनाफलकावरचा ‘७२ तास’ वाचला जातो, पण तोंडी पुढे जाताना तो घंटाच होतो.) दुसऱ्या टप्प्यावर घंट्यांचे दिवस झाले आणि घड्याळ गळालं. तिसऱ्या टप्प्यावर तीन दिवसांचा ‘मंगळवारपर्यंत’ झाला, त्यात पहिला दिवस सोडून दिला गेला.

पहिला दिवस सोडणं हे अडाणीपणाचं लक्षण मुळीच नाही. कायदाही दिवस तसेच मोजतो. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियमाचं कलम ९ सांगतं की केंद्रीय कायद्यात ‘फ्रॉम’ हा शब्द वापरला की मुदतीतला पहिला दिवस वगळला जातो आणि ‘टू’ वापरला की शेवटचा दिवस धरला जातो. शनिवारी घटना घडली, तीन दिवसांची मुदत असली, तर रविवार, सोमवार, मंगळवार. मंगळवारचा पूर्ण दिवस हातात. बाबांनी नेमकं हेच केलं होतं.

तासांच्या मुदतीत सोडायला दिवसच नसतो. मोजणी त्या क्षणापासून सुरू होते : शनिवारी पहाटे १:३० अधिक ७२ तास म्हणजे मंगळवारी पहाटे १:३०. सूचना नोंदली गेली तेव्हा ८१ तास १० मिनिटं झाली होती. उशीर ९ तास १० मिनिटांचा.

हा हिशेब करायला कागद लागत नाही. घड्याळाचा काटा तोच ठेवायचा आणि वार तीन घरं पुढे न्यायचा. बुधवारी दुपारी ४ ला गारा पडल्या तर शनिवारी दुपारी ४. रविवारी सकाळी ७ ला तर बुधवारी सकाळी ७. पाऊस रात्रीचा असेल तर मुदतही रात्रीच संपते. रात्री दीडला कोणी सेतू केंद्राची पायरी चढत नाही, म्हणून कामाच्या हिशेबानं एक अख्खा दिवस कमी धरावा लागतो. या प्रकरणात खरी मुदत सोमवारी संध्याकाळी, केंद्राचं शटर पडेपर्यंत होती.

मधल्या रविवारचं काय, हा प्रश्न हमखास निघतो. त्याच अधिनियमाच्या कलम १० नुसार एखादं काम न्यायालयात किंवा कार्यालयात करायचं असेल आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते बंद असेल, तर पुढच्या उघड्या दिवशी केलेलं काम वेळेत धरतात. पण इथे रविवार शेवटचा दिवस नव्हताच. शिवाय सूचना मोबाइल अ‍ॅपवरून आणि १४४४७ या हेल्पलाइनवरूनही देता येत होती, फक्त कार्यालयातून नव्हे. त्यामुळे ‘रविवार आडवा आला’ हा मुद्दा अर्जात लिहून काही हाती लागत नाही.

शुक्रवारची रात्र की शनिवारची पहाट

या प्रकरणातली दुसरी चूक घरात झाली नाही, केंद्रावर झाली, आणि ती जास्त महागात पडू शकते.

फॉर्म भरताना ऑपरेटरनं विचारलं, नुकसान कधी झालं? उत्तर आलं, “शुक्रवारच्या रातीले.” त्यानं शुक्रवारची तारीख टाकली.

गावाच्या बोलीत दिवस सूर्योदयाला बदलतो. पंचांगातला वारही सूर्योदयालाच बदलतो. झोपेतून उठेपर्यंत शुक्रवारच चालू असतो, मग रात्रीचे दोन वाजोत की चार. फॉर्ममधली तारीख मध्यरात्री बाराला बदलते. रात्री दीड वाजता कॅलेंडरवर शनिवार लागून दीड तास झालेला असतो. पावसाच्या नोंदीचा दिवस तर आणखी निराळा : भारतीय हवामान खात्याचा रोजचा पाऊस सकाळी ८:३० ला मोजतात आणि त्या तारखेच्या नावावर आधीच्या २४ तासांचा आकडा लागतो. म्हणजे शनिवारच्या आकड्यात शुक्रवारी सकाळी साडेआठनंतरचा पाऊस असतो. एकाच सरीला गाव शुक्रवार म्हणतं, फॉर्म शनिवार म्हणतो, आणि पर्जन्यमापकाचा शनिवार शुक्रवारी सकाळीच सुरू झालेला असतो.

याचा परिणाम काय? नोंदीत वेळ नसून फक्त तारीख असेल, तर छाननी करणारा तारखांचं अंतर बघतो. शुक्रवार ते मंगळवार म्हणजे चार तारखा पुढे. अगदी शुक्रवारी रात्री ११:५९ चा पाऊस धरला तरी मुदत सोमवारच्या मध्यरात्री संपलेली. शनिवार ते मंगळवार म्हणजे तीनच. योग्य तारीख पडली असती तर निदान बाजू मांडायला जागा राहिली असती. ‘शुक्रवारच्या रातीले’ या दोन शब्दांनी ती जागाही गेली.

म्हणून मध्यरात्रीनंतरच्या घटनेची नोंद करताना वार न सांगता तारीख आणि वेळ सांगावी, आणि ऑपरेटरनं टाइप केलेली तारीख सबमिट करण्याआधी पडद्यावर बघावी. वेळेच्या खान्यात रात्री साडेबारा म्हणजे १२:३० ए.एम., आणि तारीख पुढची. तिथे पी.एम. निवडलं गेलं की ते दुपारचे साडेबारा होतात. रात्र म्हटली की बोट आपोआप पी.एम.वर जातं, ही चूक शिकलेली माणसंही करतात.

फोनवर सांगताना ‘परवा’ टाळावा. मराठीतला परवा मागेही जातो आणि पुढेही. हेल्पलाइनवर बोलणं हिंदीत सुरू झालं तर ‘कल’ आणि ‘परसों’ची तीच गत. नुकसान घडून गेलेलं आहे हे समोरच्याला कळतं, त्यामुळे तिथे निभावतं. पण पाहणीला येणारा माणूस “परवा सकाळी” असं म्हणाला की त्याला लगेच विचारावं : किती तारीख?

‘विदिन’ आणि त्याची भावंडं

‘विदिन’चा शब्दार्थ ‘च्या आत’, आणि तो शाळेत सगळ्यांना कळलेला असतो. घोटाळा होतो तो आजूबाजूच्या शब्दांशी.

‘विदिन’ला पुढे लांबी लागते : ७२ तास, दहा दिवस, एक महिना. तारीख किंवा वार चालत नाही. ‘विदिन मंडे’ असं इंग्रजी नाही. तिथे ‘बाय मंडे’. ‘बाय ३१ जुलै’ म्हणजे ३१ धरून, त्या दिवशी भरलेला अर्ज चालतो. ‘बिफोर ३१ जुलै’ म्हणजे ३० तारखेला काम संपलेलं हवं. मराठीत हा फरक ‘३१ पर्यंत’ आणि ‘३१ च्या आधी’ असा सरळ दिसतो, तरी इंग्रजी निरोप वाचताना दोन्हीकडे ‘पर्यंत’ करून मोकळं होण्याची सवय असते.

‘टिल’चा पेच उलट्या बाजूचा आहे. ‘सोमवारपर्यंत अर्ज दे’ आणि ‘सोमवारपर्यंत पाऊस चालू होता’, दोन्हीकडे आपल्याला एकच ‘पर्यंत’ पुरतो. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’ लागतो, कारण काम एकदाच होऊन संपतं. दुसऱ्याला ‘टिल’ किंवा ‘अनटिल’, कारण पाऊस तेवढा काळ चालूच राहिला. ‘आय विल सबमिट टिल मंडे’ ही आपल्याकडची घरोघरची चूक तिथूनच येते.

सगळ्यात फसवा ‘इन’. ‘आय विल कम इन थ्री डेज’ म्हणजे तीन दिवसांनी येईन. ‘विदिन थ्री डेज’ म्हणजे तीन दिवसांत कधीही. मराठीत काम एका प्रत्ययावर चालतं, ‘दिवसांनी’ की ‘दिवसांत’. मुलानं ‘घंट्यात’ म्हटलं होतं. बाबांनी पेंढ्या पलटायच्या घाईत ते ‘तीन दिवसानं’ असं ऐकलं असण्याचीही शक्यता आहे, कारण शनिवार, रविवार, सोमवार या तीन दिवसांत त्यांनी सूचनेचा विषयच काढला नाही आणि मंगळवारी उठून थेट केंद्रावर गेले.

आता आठवड्याची गंमत. ‘आठ दिवसांनी ये’ म्हणजे पुढच्या बाजाराला ये. मंगळवार ते मंगळवार बोटांवर मोजले तर आठ भरतात, कारण दोन्ही टोकं धरली; अंतर मात्र सातच. ‘पंधरा दिवस’ही तसेच : दोन्ही टोकं धरून पंधरा, अंतर चौदा. इंग्रजी ‘फोर्टनाइट’ मुळात चौदा रात्रींचा. बोलताना दोन्ही एकाच वारावर येऊन थांबतात, म्हणून कोणाचं बिघडत नाही. बिघडतं ते कोणी तारखेत आठ किंवा पंधरा मिळवले की. काढणीनंतरचं संरक्षण कापणीपासून जास्तीत जास्त १४ दिवसांचं होतं. ‘पंधरा दिवस हाये’ असं ऐकून तारखेत पंधरा मिळवणारा एका दिवसानं बाहेर पडतो.

वेळेत कळवूनही काय हुकतं

शेजारच्या वावरातली सूचना शनिवारीच दुपारी गेली, असं धरा. तरी ती टिकेलच असं नाही.

अ‍ॅपमध्ये घटनेचं कारण निवडावं लागतं. कापून पसरलेल्या पिकाला ‘अनसीझनल रेन’ आणि पिकाची अवस्था ‘कट अँड स्प्रेड’. शेतकऱ्याच्या लेखी अवकाळी म्हणजे मार्च-एप्रिलचा. ऑक्टोबरातला तो परतीचा पाऊस. ‘अनसीझनल’चा अर्थ अवकाळी असा लागतो, आपला पाऊस तर परतीचा, म्हणून बोट ‘इनंडेशन’वर, म्हणजे वावर जलमय होण्यावर, जातं. वावरात पाणी साचलेलं दिसतंच. पण ते कारण उभ्या पिकाचं आहे. इथे शब्दकोशापेक्षा यादीतले बाकीचे पर्याय बघून अर्थ लावावा.

दुसरं, पेंढ्या पसरलेल्या किंवा छोट्या जुड्यांत बांधलेल्या असतील तरच हे संरक्षण. मळणीआधी एका जागी रचलेली गंजी वगळलेली होती. ढग बघून रात्रीतून गंजी लावणारा माणूस पीक वाचवायची धडपड करतो आणि विम्यातून बाहेर पडतो. नियमाचा हेतू समजतो, रचलेलं पीक झाकता येतं असं त्यामागचं गृहीत असावं. पण ताडपत्री भाड्यानं आणणाऱ्या घरात हे पटवून देणं कठीण आहे.

तिसरं, सूचना दिल्याचा पुरावा. फोन केला असेल तर डॉकेट क्रमांक, म्हणजे सूचनेचा नोंदणी क्रमांक, लिहून घ्यावा. वादळानंतर वीज जाते, मोबाइल उतरतो, टॉवर बंद पडतो. फोन लागत नसेल तर कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट ठेवावा, त्यावर वेळ आपोआप येते. लोकेशन चालू ठेवून काढलेले फोटो, पिकाचा विमा भरल्याची पावती, गट नंबर, आणि अ‍ॅपवर अडलं तर बँकेत किंवा कृषी विभागाच्या कार्यालयात दिलेल्या लेखी अर्जाची पोच. पोचेवर तारखेबरोबर वेळही लिहून मागावी. कारकून कुरकुरतो, तरी मागावी.

पुढचे तीन ‘विदिन’

सूचना गेल्यावर हाच शब्द कंपनीच्या बाजूला वळतो. मार्गदर्शक सूचनांत तीन मुदती होत्या : सूचना मिळाल्यापासून ४८ तासांच्या आत नुकसान मूल्यांकन करणाऱ्याची नेमणूक, त्यापुढे १० दिवसांच्या आत मूल्यांकन, आणि मूल्यांकनाचा अहवाल आल्यापासून १५ दिवसांच्या आत भरपाई.

इथे गावाचा गैरसमज ठरलेला : ४८ घंट्यात माणूस वावरात येणार. ४८ तासांत नेमणूक व्हायची होती, येण्यासाठी त्यापुढचे दहा दिवस होते. भिजलेलं सोयाबीन इतकं थांबत नाही. ऊन पडलं नाही तर शेंगेतच दाण्याला कोंब येतात. म्हणून उरलंसुरलं पलटून वाळवताना वावराचा एक भाग तसाच ठेवावा, हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढावेत, आणि मळणी करणार असू तर तसं आधी कळवून ठेवावं. तिसऱ्या मुदतीची सुरुवात तर अहवालापासून आहे, पावसापासून नाही. चारही मुदती एकमेकींना बांधलेल्या आहेत, आणि प्रत्येकीचा शून्य वेगळा. माहिती अधिकारातही असंच असतं : तीस दिवस अर्ज मिळाल्यापासून मोजतात, पोस्टात टाकल्यापासून नाही. ‘किती दिवस’ याच्या आधी ‘कधीपासून’ हे वाचावं.

या प्रकरणात करण्यासारखं काय उरलं

तक्रार तालुक्याच्या समितीकडे, तिथे समाधान झालं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीकडे नेता येते. अर्जात पहिली मागणी तारीख दुरुस्तीची असावी : घटना शनिवारची, महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीत पावसाची वेळ बघावी. त्यानं ९ तास १० मिनिटं पुसली जात नाहीत, हे शेतकऱ्याला आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. पाऊस पहाटे दीडचा असताना ‘सकाळी अकराला पडला’ असं लिहून मुदत जुळवून देणारे गावात भेटतात. तीच नोंद उघडली की अर्ज खोटा ठरतो आणि तारखेचा खरा मुद्दाही बुडतो. त्यापेक्षा वीज आणि नेटवर्क कधीपासून कधीपर्यंत बंद होतं ते पुराव्यानिशी लिहावं.

तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात तो सरकारी मदतीचा पंचनामा ही वेगळी वाट. तिथे हे बहात्तर तासांचं घड्याळ नसतं. विमा फेटाळला म्हणून पंचनाम्यातून नाव वगळलं जात असेल तर तिथेच हरकत घ्यावी.

खरीप २०२५ पासून राज्यानं एक रुपयात विमा बंद केला, शेतकऱ्याचा खरिपाचा हप्ता पुन्हा २ टक्क्यांपर्यंत आला, आणि काढणीपश्चात व स्थानिक आपत्तीचं हे जोडसंरक्षण काढून भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठेवली. तिथे ७२ तासांची सूचना लागत नाही. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं खरीप २०२६ पासून जंगली जनावरांनी केलेलं नुकसान योजनेत घेण्याचं आणि धानाचं जलमय होणं पुन्हा आणण्याचं जाहीर केलं, आणि त्यासोबत अ‍ॅपवर फोटोसह ७२ तासांत कळवण्याची अट आली. राज्याच्या अधिसूचनेत ते जिथे लागू होईल तिथे घड्याळ परत सुरू. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीचा धान आणि जंगलाकाठची वावरं यांना हा हिशेब लागणार. त्यात रानडुक्कर येतो रात्रीच, आणि वावर उघडं पडलेलं दिसतं सकाळी.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ‘७२ तासांच्या आत कळवा’ एवढंच लिहिण्याऐवजी त्या त्या घटनेचा हिशेब करून लिहिता येतो. या प्रकरणात शनिवारी सकाळी फळ्यावर इतकं पुरलं असतं :

‘रात्री दीडच्या पावसानं वावरात पसरलेलं सोयाबीन भिजलं असेल तर नुकसानीची तारीख आजची, शनिवारची, लिहा. कालची लिहू नका. कारण : अनसीझनल रेन. सोमवारी दिवस मावळायच्या आत १४४४७ वर फोन किंवा अ‍ॅपवर नोंद करा. रविवारीही करता येते. मंगळवारी घेणार नाहीत.’